तेरवाचं पाणी

मागचे दिवस सांगायला मराठीत चारच शब्द आहेत, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. ते मी बाईंच्या नळावर शिकले. आज, काल, परवा, तेरवा. त्याच्याही मागं जायचं म्हटलं की भाषा हात वर करते आणि आपण बोटं मोजायला लागतो.

पुंडलिकनगरात बाईंचं घर होतं. घराच्या कंपाउंडच्या भिंतीला, रस्त्याच्या बाजूनं, त्यांनी एक पितळी नळ काढला होता. शेजारी साखळीला बांधलेला स्टीलचा ग्लास, खाली बसायला सिमेंटचा ओटा आणि वर खिळ्याला टांगलेली दगडी पाटी. त्या पाटीवर बाई रोज सकाळी खडूनं एकच शब्द लिहायच्या. महापालिकेचं पाणी सुटलं आणि घरचा हौद भरला, की 'आजचं'. दुसऱ्या दिवशी 'कालचं'. मग 'परवाचं'. मग 'तेरवाचं'. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला आपण कधीचं पाणी पितोय ते कळलं पाहिजे, मग प्यायचं की नाही ते त्याचं त्यानं ठरवावं, असा त्यांचा हट्ट. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेलं होतं. रिटायर झाल्या तरी खडू काही हातातून सुटला नाही.

मी त्या नळावर पहिल्यांदा आले ती खोली शोधत. शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, कंपनीची बस पुंडलिकनगरच्या नाक्यावर यायची, म्हणून तिथंच खोली बघत होते. शहराला तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. उन्हाळा असा, की डांबर चपलेला चिकटत होतं. एका दुकानात म्हटलं, "दादा, घोटभर पाणी मिळेल का?" तर त्यानं फ्रिजकडं बोट केलं, "थंडगार बाटली हाय की." एका घराची बेल वाजवली, तिथल्या बाईनं दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, "आज नळच नाय आला हो." तिचंही खोटं नव्हतं. दुष्काळाचं साल. कुणाच्या घरात पाणी मागणं म्हणजे त्यांना अडचणीत टाकणंच होतं. पण माझं डोकं गरगरत होतं, आणि पाणी विकत घेऊन प्यायचं असतं हे आमच्या गावाकडच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

तेवढ्यात तो नळ दिसला. मी ग्लास भरला, तोंडाला लावला, आणि खिडकीतून आवाज आला, "ए! उभ्यानं पिऊ नकोस! बस आधी!"

मला असा ठसका लागला की पाणी नाकातून आलं. मुकाट्यानं ओट्यावर बसले.

"हां. आता पी. कुणी मागं लागलंय का तुझ्या?"

मी दुसरा ग्लास प्यायले, तिसरा प्यायले. तोवर बाई बाहेर आल्या. किडकिडीत अंग, सुती साडी, चष्मा डोक्यावर चढवलेला, बोटांना खडू. कुठली म्हणून विचारलं. म्हटलं, पैठणकडची, धरणाच्या काठालाच आमचं गाव.

"अगं, मग हे तुझ्याच गावचं पाणी!" बाई ओरडल्याच. "एवढ्या लांबून चढ चढून आलंय तुझ्या मागं मागं, आणि तू त्याला उभ्या उभ्या गिळतेस?"

खोलीचं विचारलं तर म्हणाल्या, वरची रिकामी आहे, पण एक अट आहे. मला वाटलं, आता येण्याजाण्याची वेळ सांगतील, मटण शिजवायचं नाही म्हणतील. बाई म्हणाल्या, "पाण्याची बाटली किंवा जार जिन्यावरून वर गेलेला मला चालायचा नाही. तहान लागली की नळाचं पाणी. ते खराब वाटलं तर मला सांग, मी भांडायला जाईन." दारूच्या बाटलीवरून भाडेकरूला घालवलेलं ऐकलं होतं. पाण्याच्या बाटलीवरून घालवणारी बाई मी पहिल्यांदा बघत होते!

त्या एका दुपारी मला पाणी मिळालं, छप्पर मिळालं, आणि हक्कानं ओरडणारं माणूस मिळालं. परक्या शहरात आलेल्या पोरीला आणखी काय लागतं हो?

'बसून प्या' हे बाईंचं पालुपद. खिडकीशी खुर्ची टाकून वाचत बसायच्या, पण एक डोळा नळावर. सिलिंडरवाला असो, कुरियरवाला असो, नाहीतर परीक्षेच्या क्लासला निघालेल्या पोरी असोत, ग्लास उचलला की आतून आवाज यायचाच. एक रिक्षावाले चाचा रोज थांबायचे. त्यांच्याशी बाई अस्सल दखनी बोलायच्या. बाईंचं लहानपण जुन्या शहरात गेलेलं, शेजारपाजार सगळा तसाच. "बैठ के पियो, भाईजान! घोडे पे आए क्या?" चाचा म्हणायचे, "अरे बाई, सवारी बैठी है, मीटर चालू है!" आणि तरी बसायचे. सवारीलाही उतरवून बसवायचे.

त्यामागं बाईंचं शास्त्र होतं. उभ्यानं पाणी पिणारा पुढच्या घाईत असतो, त्याला चव कळत नाही. चव कळली नाही की पाणी बिघडलंय हेही कळत नाही. आणि बिघडलेलं कळलं नाही तर भांडणार कोण? प्रत्येक वेळी पाणी सुटलं की बाई पहिली चूळ स्वतः भरून बघायच्या, डोळे मिटून. मग मान हलवायच्या आणि पाटी घ्यायच्या. आपल्या जिभेचा त्यांना भारी अभिमान. हर्सूलच्या तलावाचं पाणी आणि धरणाचं पाणी मी अंधारातही ओळखेन, असं छातीठोक सांगायच्या.

आणि शिळ्या पाण्याच्या गोष्टीवरून तर त्या गल्लीतल्या बायकांशी कायम भांडत. आपल्याकडं नळ आला की काल भरलेलं चांगलं हंडाभर पाणी 'शिळं झालं' म्हणून मोरीत ओतून द्यायची पद्धत आहे ना, ती. माझी आईसुद्धा तेच करायची. बाई म्हणायच्या, "भाकरी शिळी होते, भाजी शिळी होते. झाकलेलं पाणी एका दिवसात कसलं शिळं होतंय? अन् तुम्हाला एवढाच शिळ्याचा विटाळ आहे ना, तर मग बाटलीतलं कसं चालतं?"

हा मुद्दा त्या लग्नाकार्यात मांडायच्या, तोही जेवणाच्या टेबलावर. बाई कुठंही गेल्या तरी पिशवीत फिरकीचा तांब्या असायचा, फिरवून झाकण लावायचा तो जुन्या पद्धतीचा पितळी. बीड बायपासच्या एका लॉनवर गल्लीतल्या मुलीचं लग्न होतं. प्रत्येक पानापाशी एकेक छोटी बाटली. बाईंनी एक उचलली, डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला आणि मोठ्यानं तारीख वाचली. "अगंबाई, हे तर नवरीची पत्रिका जुळायच्या आधीचं पाणी! एवढं शिळं वाढतात होय पाहुण्यांना?"

नवऱ्या मुलाचे मामा समोरच बसलेले. म्हणाले, "बाई, सीलबंद असतं ते."

"लोणचं सीलबंद ठेवतात. पाण्याला कशाला सील? ते काय पळून चाललंय?"

हसून हसून मला घास गिळता येईना. मामांनी मात्र हातातली बाटली तशीच खाली ठेवली. जेवणं उरकल्यावर बाई एकट्याच टेबलाटेबलावरून फिरल्या, अर्ध्या अर्ध्या राहिलेल्या बाटल्या बादलीत रिकाम्या केल्या आणि लॉनच्या कडेच्या लिंबाला ते पाणी घातलं. लोक बघत होते. बाईंना बघणाऱ्या लोकांची सवय होती.

पुढचा उन्हाळा आणखी वाईट निघाला. धरण तळाला गेलं. इकडं शहर वाढतच होतं, रोज नवीन कॉलनी, नवीन अपार्टमेंट. नळ यायचे दिवस लांबत गेले. दारोदार पांढरे जार दिसायला लागले, आणि ज्याच्या दारात जार नाही त्याच्याकडं लोक जरा कीव आल्यासारखे बघायला लागले. बाई टाकीतलं पाणी पुरवून पुरवून वापरायच्या, म्हणजे स्वतः कमी वापरायच्या. भिंतीवरचा नळ कोरडा पडू दिला नाही. पण पाटी अडली. 'तेरवाचं' लिहून झालं, दुसरा दिवस उजाडला, पाण्याचा पत्ता नाही. आता काय लिहायचं? बाईंनी पाटी स्वच्छ पुसली आणि कोरीच टांगली.

भाजीवाली मावशी हर्सूलकडून यायची, डोक्यावर टोपली घेऊन. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून ती रोज नळाशी येऊन विचारायची, "बाई, कधीचं हाय?" आणि बाई खिडकीतून सांगायच्या. त्या दिवशी बाई म्हणाल्या, "तेरवाच्याही मागचं आहे. त्याला शब्द नाही."

"आवं, मग चौथ्याचं म्हना की. शब्दाला काय तोटा?"

"नाही म्हणणार," बाई म्हणाल्या. "शब्द काढला की सवय होते. आपल्या आज्या-पणज्यांना तेरवाच्या मागचा शब्द लागला नाही, अन् मी काढून देऊ? कशाला? म्हणजे मग लोक म्हणतील, असतंच असं!"

मावशीनं ते पाणी गाळून घेतलं पदरानं आणि प्यायली. बसूनच.

त्याच आठवड्यात बाई ती कोरी पाटी काखेत मारून पाण्याच्या ऑफिसात निघाल्या. मला सुट्टी होती, मीही गेले. दुपारपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवलं आम्हाला. मग साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. बाईंनी पाटी त्यांच्या टेबलावर ठेवली, शेजारी खडू ठेवला.

"ह्याच्यावर काय लिहू, सांगा."

साहेब हसले. चांगला माणूस होता, उगाच खोटं कशाला बोलू. म्हणाले, "बाई, धरणातच पाणी नाही, तर मी कुठून देऊ?"

"ते कळतं मला. कमी असेल तर कमी द्या. पण शब्द आहे तोवर द्या. तेरवाच्या पलीकडं जाऊ देऊ नका."

उन्हानं बाईंचे ओठ सुकले होते, बरोबरचा तांब्याही संपला होता. ते बघून साहेबांनी शिपायाला हाक मारली, "बाईंना पाणी दे." शिपायानं बाटली आणली. बाई म्हणाल्या, "हे नको. ऑफिसात नळ आहे ना? त्याचं द्या."

शिपाई साहेबांकडं बघायला लागला. साहेब टेबलाकडं. शेवटी शिपाईच म्हणाला, "बाई, ते आम्ही हात धुवायला वापरतो."

साहेबांनी स्वतःसमोरची बाटली उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली. बाईंनी पाटी उचलली, खडू उचलला, आणि तशाच तहानलेल्या बाहेर पडल्या.

रिक्षात म्हणाल्या, "बघितलंस? त्यांची बाटली आली आणि त्यांचा नळ हात धुवायचा झाला. बाटली घेतली की माणूस भांडायचं सोडतो गं. आणि सगळे भांडायचे थांबले, की ज्याला बाटली घेता येत नाही त्याच्या नळाला काय येतंय हे बघायला कुणी उरत नाही. मावशी काय विकत घेऊन पिणार आहे?" मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की बाई विक्षिप्त नाहीत. म्हणजे होत्याच, पण नुसत्या विक्षिप्त नाहीत.

बाई आता नाहीत. शेवटची वर्षं त्यांचा भाचा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथून फोन करायच्या, "इथं काही मजा नाही गं. रोज पाणी. रोज 'आजचं'. पाटीला कामच नाही." आणि तक्रारीच्या सुरात सांगता सांगता स्वतःच हसायच्या. ती पाटी जाताना मला देऊन गेल्या. माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी त्यांच्याकडून पाणी प्यायला शिकले, भांडायला शिकले, आणि आपली चूक मान खाली न घालता कबूल करायला शिकले. त्या शेवटच्या गोष्टीचे उपकार सगळ्यात मोठे. तेवढं सांगते.

त्या पाण्याच्या ऑफिसातून आलो, त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. मला अन्न जाईना, मळमळ सुटेना. कंपनीतली मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझे डोळे बघ आरशात." पिवळेधमक. डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, पाणी कुठलं पिता? म्हटलं, नळाचं. ते म्हणाले, "बंद करा ते. एक तर उकळून प्या, नाहीतर सीलबंद."

घरी येताना मला दुखण्याची भीती वाटत नव्हती. बाईंना सांगायचं कसं, ह्याचीच भीती. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून सांगितलं. बाई तिथंच पायरीवर बसल्या. मग उठून बाहेर गेल्या. नळाची साखळी सोडवून ग्लास आत आणला, आणि पाटीवर लिहिलं, 'पिऊ नका'.

संध्याकाळी त्या वर आल्या. पदराखाली काहीतरी लपवलेलं. बाहेर काढलं तर दोन सीलबंद बाटल्या! कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः जाऊन आणल्या होत्या, ज्या दुकानदाराशी त्यांचं ह्याच बाटल्यांवरून रोज वाजायचं, त्याच्याकडून.

"घे. शिळं आहे, पण पी."

मला रडूच फुटलं. म्हटलं, "बाई, तुमची अट?"

"माझी होती, मी मोडली. तुझ्या जिवापेक्षा मोठी आहे का अट? उठ. पडून नको पिऊस, बसून पी."

तिसऱ्या दिवशी गावाहून आई आली. आईचा स्वभाव तापट, त्यात लेक हळदीसारखी पिवळी. जिना चढायच्या आधीच तिनं बाईंना गाठलं. "लई ऐकलं व्हतं तुमच्या नळाचं कवतिक. माजी लेक तुमच्या भरवशावर ठिवली व्हती मी. काय पाजलं वो तिला?" मी वरून ऐकत होते. बाईंसारखी बाई, जिनं साहेबाला गप्प केलं, ती एका शब्दानं उलट बोलली नाही. "तुमचं बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या. आई रागानं पाय आपटत वर आली. बाई मागून मुगाचं कढण घेऊन आल्या आणि दारात ठेवून परत गेल्या.

रिक्षावाले चाचाही आजारी पडल्याचं कळलं. गल्लीत बाकी कुणाला काही नाही. म्हणजे आजारी पडलेले आम्ही दोघंही बाईंच्याच नळावर पिणारे! बाईंनी त्या साहेबांना निरोप धाडला. ते माणसं घेऊन स्वतः आले. रस्त्याखालची मोठी लाइन तपासली, ती ठीक निघाली. शेजारच्या घरांचं पाणी तपासलं, ते ठीक. मग प्लंबरनं बाईंच्या फाटकासमोर खणलं. गटाराच्या खालून बाईंच्या घरात येणारा लोखंडी पाइप कुजून गेला होता. बोट जाईल एवढं भोक. पाणी नसलं की लाइन रिकामी राही, आणि रिकामी लाइन गटारातलं ओढून घेई.

साहेबांना त्या दिवशी टोमणा मारता आला असता. मारला नाही. म्हणाले, "बाई, मोठ्या लाइनपासून घरापर्यंतचा पाइप घरमालकाचा असतो. पण पाणी रोज असतं, तर घाण आत शिरली नसती. तेव्हा थोडं आमच्याकडंही येतं."

"ते भांडण वेगळं आहे, ते मी तुमच्या ऑफिसात येऊन करणार आहे," बाई म्हणाल्या. "हा पाइप मात्र माझा. आणि माझ्या जिभेला कळलंही नाही."

कुजक्या पाइपाचा तो तुकडा घेऊन बाई गल्लीतल्या प्रत्येक घरी गेल्या. "माझ्या पाइपाला भोक होतं. पाणी माझ्या घरी खराब झालं. तुमच्या नळाला काही झालेलं नाही." चाचांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोसमोरही तेच सांगितलं. मग माझ्या आईसमोर येऊन बसल्या. तुकडा जमिनीवर ठेवला. आईनं तो उचलून उलटा-सुलटा करून पाहिला, भोकात बोट घालून पाहिलं, आणि म्हणाली, "हे कुनाच्या ध्यानात येतंय बाई? जमिनीखालचं." त्या दिवसापासून कढण आई स्वतः खाली जाऊन आणायला लागली, आणि तिथंच तासभर बसायला लागली.

नवा पाइप पडला. हौद घासला, टाकी घासली. पाणी तपासून आणलं, चांगलं निघालं. पाटीवर पुन्हा आलं, 'आजचं'. ग्लास चिंचेनं घासल्यासारखा लखलखीत करून बाईंनी साखळीला बांधला.

आणि कुणी आलंच नाही.

क्लासच्या पोरी खांद्यावरच्या बाटल्या सावरत समोरून गेल्या. चाचा बरे होऊन रिक्षा चालवायला लागले होते, ते दुरून सलाम करून पुढं गेले. मावशी पलीकडच्या कडेनं जायची. पाटीवर 'कालचं' झालं, 'परवाचं' झालं, 'तेरवाचं' झालं, मग पाटी कोरी राहिली. बाई खिडकीत बसायच्या, पण ओरडायला नळावर कुणी नव्हतं. ते शांत घर मला सहन होईना. आजारपणापेक्षा ते जास्त लागलं मला.

एका सकाळी बाई वर आल्या. पहाटेच पाणी सुटलं होतं, बोटांना खडू होता. म्हणाल्या, "नळ काढून टाकते. आज प्लंबर येतोय. ज्या पाण्याची माणसाला भीती वाटते, ते भिंतीवर लावून कशाला बसायचं?" आवाज एकदम साधा होता.

माझ्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता. डॉक्टरांनी सगळं खाय-प्यायला सांगितलं होतं. मी पायात चपला सरकवल्या.

"कुटं निघालीस?" आई म्हणाली.

"पाणी प्यायला."

"घरात हाय की उकळून ठिवलेलं!"

"माहितेय."

"पोरी, आत्ता कुटं उठलीयास तू दुखन्यातून. खबरदार!"

मी जिना उतरले. आई मागं मागं बोलत आलीच. फाटकापाशी प्लंबर नुकताच येऊन टेकला होता, हातात पाना. समोरच्या घरांच्या गॅलऱ्यांत बायका दात घासत, कपडे झटकत उभ्या. मी ओट्यावर बसले. ग्लास भरला. पहिला घोट घेतला, तोंडात धरला, बाई धरायच्या तसा. गार होता, आणि नुसता पाण्याचा होता. मी तो ग्लास सगळा प्यायले आणि दुसरा भरला.

आई डोक्यावरचा पदर घट्ट धरून शेजारी उभी. "कसं लागतंय?"

"आपल्या गावचं."

आई गुडघ्यावर हात टेकून ओट्यावर बसली आणि माझ्या हातातला ग्लास काढून घेतला. एका दमात प्यायली. तोंड पुसलं. म्हणाली, "व्हय. आपलंच हाय."

प्लंबरनं पाना पिशवीत टाकला.

पलीकडच्या कडेनं मावशी चालली होती. ती थांबली. आम्हा दोघींकडं बघत बघत रस्ता ओलांडून आली, डोक्यावरची टोपली ओट्यावर टेकवली, आणि सवयीनं खिडकीकडं तोंड करून विचारलं, "बाई, कधीचं हाय?"

बाई खाली येऊन खिडकीत उभ्या होत्या. चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या.

मीच ग्लास भरला आणि मावशीपुढं धरला.

"आजचं हाय, मावशी. पण उभ्यानं नाय. बस आधी."